माऊना केआचा माथा कुणाच्या जमिनीवर आहे?

प्रति,
आयुका, पुणे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स, बेंगळुरू, एरीज, नैनिताल, आणि टीएमटी प्रकल्पात काम करणारे सर्व भारतीय शास्त्रज्ञ व अभियंते यांना,

सप्रेम नमस्कार.

हवाई बेटांवरच्या माऊना केआ पर्वताच्या माथ्यावर तीस मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण, म्हणजेच टीएमटी, उभारायची आणि भारताने त्यात दहा टक्क्यांचा वाटा उचलायचा, यावर सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शिक्कामोर्तब केलं. ४९२ षट्कोनी तुकडे जोडून हा आरसा तयार होणार. त्यातले काही तुकडे घासून गुळगुळीत करायचं काम आपल्याकडे आलं, आणि ते तुकडे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या यंत्रणेतलंही बरंच काम आलं. पुण्यात बसून त्या बातम्या वाचताना ऊर भरून आला होता, हे आधीच सांगते. नारळीकर सरांच्या लेखनावर आणि विज्ञान दिनाला आयुकाच्या आवारात लोटणाऱ्या गर्दीत ज्यांचं आकाशाचं वेड पोसलं गेलं, त्यांतली मी एक. दुर्बिणीला माझा विरोध नाही. मला तिच्यातून आलेली पहिली प्रतिमा बघायची आहे.

पण या जागेविषयी आपल्याकडच्या व्याख्यानांत आणि बातम्यांत जे ऐकू आलं ते हवेबद्दल होतं. ४,२०० मीटरची उंची, कोरडी हवा, स्थिर वातावरण, ढगांच्या वर असलेला माथा. सगळं खरं आहे. माथ्यावर आजवर उगाच तेरा दुर्बिणी उभ्या राहिल्या नाहीत. जमिनीबद्दल मात्र कुणी काही सांगितलं नाही. जुलै २०१९ मध्ये तिथले म्हातारे-कोतारे रस्ता अडवून बसले, तेव्हा "पवित्र पर्वत म्हणून स्थानिकांचा विरोध" एवढ्या एका ओळीत आपल्याकडे विषय आटोपला. वाचणाऱ्याला वाटावं, एका बाजूला विज्ञान आणि दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धा. हा समज चुकीचा आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, कारण त्या माथ्यावर उभं राहू पाहणाऱ्या यंत्रात आपल्या देशाचा पैसा आणि तुमची बुद्धी आहे. ते लोक जो हिशेब मागत आहेत तो एका राज्याचा आहे. ते राज्य कसं होतं आणि कसं गेलं, हे तुम्ही वाचावं आणि मग बोलावं, यासाठी हे पत्र.

कामेहामेहा पहिला या राजाने १७९५ मध्ये ओआहू बेटावरच्या नूउआनूच्या खोऱ्यात लढाई जिंकली आणि १८१० मध्ये काउआईच्या राजाने त्याचं सार्वभौमत्व मान्य केलं, तेव्हा सगळी हवाई बेटं एका सत्तेखाली आली. लढाया, तोफा, बेटांवरच स्थायिक झालेले आणि राजाच्या बाजूने लढणारे गोरे खलाशी, हा भाग रंजक असला तरी त्यावर इथे थांबत नाही. त्याचा एक कायदा मात्र सांगायला हवा. तरुणपणी एका चढाईत त्याने किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा पाठलाग केला. लाव्हाच्या खडकातल्या भेगेत त्याचा पाय अडकला. पळणाऱ्यांपैकी एक कोळी मागे फिरला आणि त्याने हातातलं वल्हं राजाच्या डोक्यात घातलं. वल्ह्याच्या चिरफळ्या उडाल्या. पुढे राजा झाल्यावर त्याने त्या कोळ्याला शिक्षा केली नाही. निरपराध माणसांवर आपण धावून गेलो हे त्याने मान्य केलं आणि कायदा केला: म्हातारी माणसं, बायका, मुलं यांना रस्त्याच्या कडेला निर्धास्त झोपता आलं पाहिजे, त्यांना कुणी हात लावायचा नाही. 'फुटक्या वल्ह्याचा कायदा' या नावाने तो ओळखला जातो आणि आजच्या हवाई राज्याच्या घटनेतही त्याचा उल्लेख आहे. तो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कामेहामेहा १८१९ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याची राणी काआहुमानू आणि वारस लिहोलिहो यांनी बायका-पुरुषांनी एकत्र जेवू नये हा जुना निर्बंध सर्वांसमक्ष मोडला, आणि त्याबरोबर निषेधांची अख्खी व्यवस्था कोसळली. पुढच्याच वर्षी बॉस्टनहून मिशनरी आले. त्यांनी हवाईयन भाषेला रोमन लिपी दिली, आणि लोक ती झपाट्याने शिकले. १८३४ पासून हवाईयन भाषेत वर्तमानपत्रं निघायला लागली आणि पुढच्या शंभर वर्षांत किती तरी निघाली. हे लोक लिहिणारे, वाचणारे, छापणारे होते. पुढे काय झालं हे आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येतं, ते यामुळे.

कामेहामेहा तिसरा, म्हणजे काउइकेआओउली, याने १८३९ मध्ये प्रजेच्या हक्कांचा जाहीरनामा काढला आणि १८४० मध्ये लिखित राज्यघटना दिली. फेब्रुवारी १८४३ मध्ये लॉर्ड जॉर्ज पॉलेट नावाच्या ब्रिटिश कप्तानाने धाकदपटशाने होनोलुलू ताब्यात घेतलं. पाच महिन्यांनी त्याचाच वरिष्ठ, अ‍ॅडमिरल रिचर्ड थॉमस, येऊन थडकला आणि ३१ जुलैला त्याने राजाचा ध्वज पुन्हा चढवला. त्या काळात राजाचे दूत युरोप-अमेरिकेत मान्यतेसाठी उंबरे झिजवत होते. त्यांच्यात तिमोतेओ हाआलिलियो हा तरुण हवाईयन सरदार होता. २८ नोव्हेंबर १८४३ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी संयुक्त घोषणेवर सह्या करून हवाईचं स्वातंत्र्य मान्य केलं. हाआलिलियो परतीच्या प्रवासात जहाजावरच वारला. आपण मिळवलेल्या मान्यतेचा सोहळा त्याला मायदेशी बघता आला नाही. अमेरिकेने या राज्याशी १८२६, १८४२, १८४९, १८७५ आणि १८८७ असे पाच वेळा करार केले. करार बरोबरीच्या सत्तेशी होतात, टोळीशी होत नाहीत.

आता जमीन. १८४८ मध्ये काउइकेआओउलीने जमिनीची मोठी वाटणी केली. तोवर जमीन विकायची वस्तू नव्हती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा एकेक पट्टा सरदाराच्या देखरेखीखाली असे, आणि त्यातलं पाणी, लाकूड, टारोची (अळूच्या कंदांची) शेती, मासे यांवर तिथल्या रयतेचा हक्क असे. वाटणीनंतर तीन भाग झाले: राजाचा, सरदारांचा आणि शासनाचा. रयतेने आपापल्या तुकड्यावर दावा सांगावा असं ठरलं, पण मोजणी, साक्षीदार, मुदत या सगळ्यांतून पार पडून रयतेच्या हाती एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन आली. १८५० पासून परदेशी माणसालाही जमीन विकत घेता येऊ लागली. हेतू चांगला होता, परकी सत्ता आली तरी खाजगी मालकीला ती हात लावणार नाही असा राजाचा अंदाज होता. पण त्याचा फायदा मिशनऱ्यांच्या मुलांनी उचलला. ते उसाचे मळेवाले झाले. माऊना केआचा माथा मात्र विकला गेला नाही. तो राजा आणि शासन यांच्या वाट्याच्या जमिनींत राहिला. तुमच्या दुर्बिणीची जागा त्या जमिनींत येते.

त्या पर्वताशी राजघराण्याचं नातं केवळ कागदोपत्री नव्हतं. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत राणी एमा घोड्यावरून माथ्यापर्यंत गेली, आणि तिथे वर असलेल्या वायाऊ तलावाच्या गार पाण्यात उतरली. तिच्या त्या प्रवासावर रचलेली गाणी अजून शिल्लक आहेत. ही तीच एमा, जिने आणि जिच्या नवऱ्याने, कामेहामेहा चौथ्याने, होनोलुलूत स्वतः दारोदार वर्गणी मागून १८५९ मध्ये इस्पितळ काढलं. कारण प्रजा मरत होती. देवी, गोवर, कुष्ठरोग, असे कधी न पाहिलेले आजार जहाजांबरोबर येत होते. कॅप्टन कुक १७७८ मध्ये पोचला तेव्हा काही लाख असलेले हवाईयन १८९० च्या शिरगणतीत, मिश्र वंशाचे धरूनही, चाळीस हजारांच्या आसपास उरले होते.

आता तुमच्या जवळचा माणूस: राजा कालाकाउआ. १८७४ मध्ये विधिमंडळाने त्याला निवडून गादीवर बसवलं. त्याच वर्षी ८ डिसेंबरला शुक्राचं अधिक्रमण होतं, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना दिसणार होता, आणि पृथ्वी-सूर्य अंतर मोजण्यासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञांची तुकडी हवाईत आली. राजाने त्यांचं स्वागत केलं, होनोलुलूत जागा दिली. सहा वर्षांनी कॅलिफोर्नियात लिक वेधशाळा आकार घेत होती, तेव्हा त्याने तिथल्या कामाच्या प्रमुखाला पत्र लिहून आपल्या बेटांवरही अशी वेधशाळा असावी अशी इच्छा कळवली. १८८१ मध्ये तो जगप्रदक्षिणेला निघाला. असा प्रवास करणारा तो पहिला सत्ताधारी राजा. मळ्यांसाठी मजूर आणि राज्यासाठी मित्र शोधणं हा हेतू होता. जपान, चीन, सयाम करून तो कलकत्त्याला उतरला, रेल्वेने देश ओलांडून मुंबईत आला आणि मुंबईहून जहाजाने इजिप्तकडे गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याने एडिसनची भेट घेतली. त्याच्या इओलानी राजवाड्यात विजेचे दिवे लागले तेव्हा अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये अजून ते लागायचे होते. मिशनऱ्यांनी दडपलेला हुला नाच त्याने राज्याभिषेकाच्या सोहळ्यात मानाने परत आणला, आणि विश्वाच्या उत्पत्तीपासून राजवंशापर्यंतची कथा सांगणारं 'कुमुलिपो' हे दोन हजारांहून अधिक ओळींचं स्तोत्र छापून घेतलं. त्याची सुरुवात काळोखात होते, मग चिखल, मग प्रवाळ, मग एकेक जीव. नासदीय सूक्त ज्याला ठाऊक आहे त्याला हे वाचताना परकं वाटणार नाही.

माऊना केआवरच्या दुर्बिणीच्या बाजूने बोलणारे कालाकाउआचा दाखला देतात: तो असता तर त्याने दुर्बिणीला होकारच दिला असता. कदाचित दिलाही असता. पण ब्रिटिश तुकडीला त्याने परवानगी दिली, कारण ती देण्याचा अधिकार त्याच्याकडे होता आणि त्यांनी ती त्याच्याकडे मागितली होती. हा दाखला देताना त्याच्यापासून तो अधिकार कसा हिरावला गेला, ते कुणी सांगत नाही.

तर ते असं. १८७६ पासून हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली आणि मळेवाल्यांचं सगळं नशीब एका बाजारपेठेला बांधलं गेलं. जुलै १८८७ मध्ये त्यांच्या गटाने, होनोलुलू रायफल्स नावाच्या सशस्त्र पलटणीच्या जोरावर, राजाकडून नव्या घटनेवर सही करून घेतली. तिचं नावच 'संगिनीची घटना' पडलं. राजाच्या हातातला कारभार मंत्र्यांकडे गेला. वरिष्ठ सभागृहासाठी मत द्यायला मालमत्तेची किंवा उत्पन्नाची अशी अट आली की बहुतेक हवाईयन आपोआप बाहेर पडले. चिनी आणि जपानी मजुरांना मतच नव्हतं. युरोपी-अमेरिकी रहिवाशांना मात्र नागरिकत्व न घेताही मत देता येत होतं. त्याच वर्षी जकात कराराच्या नूतनीकरणात पर्ल हार्बर अमेरिकी आरमाराच्या वापरासाठी गेलं. कालाकाउआ जानेवारी १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारला.

त्याची बहीण लिलिउओकालानी गादीवर आली. गाणी रचणारी, पियानो वाजवणारी, 'अलोहा ओए' हे जगभर गायलं जाणारं गाणं जिचं, ती ही राणी. प्रजेच्या अर्जांचा ढीग तिच्याकडे आला होता: ही लादलेली घटना बदला. १४ जानेवारी १८९३ रोजी तिने नवी घटना जाहीर करायचा प्रयत्न केला, मंत्री कचरले आणि तिने बेत पुढे ढकलला. मळेवाल्यांच्या तेरा जणांच्या समितीला तेवढं निमित्त पुरलं. अमेरिकेचा हवाईतला राजदूत जॉन स्टीव्हन्स त्यांच्या बाजूचा होता. १६ जानेवारीच्या संध्याकाळी बंदरात उभ्या असलेल्या यूएसएस बॉस्टन या युद्धनौकेवरून १६२ सशस्त्र शिपाई आणि खलाशी उतरले. अमेरिकी जीवित-वित्ताचं रक्षण असं कारण दिलं गेलं. पण मुक्काम टाकला तो अमेरिकी वस्तीजवळ नव्हे, तर राजवाडा आणि शासनाची कचेरी यांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या पायऱ्यांवर उभं राहून राजसत्ता संपल्याचं जाहीर केलं गेलं आणि स्टीव्हन्सने लगोलग नव्या सरकारला मान्यता दिली.

राणीने रक्तपात टाळला. पण तिने दिलेला कागद नीट वाचा. तिने सत्ता सोडली ती त्या तेरा जणांकडे नव्हे, तर अमेरिकेच्या 'वरचढ बळापुढे', आणि तीही निषेधासह, वस्तुस्थिती कळल्यावर अमेरिकी सरकारच आपल्या प्रतिनिधीची चूक दुरुस्त करील तोवर. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने चौकशीला माणूस पाठवला. अहवाल आला. १८ डिसेंबर १८९३ रोजी क्लीव्हलंडने काँग्रेसला स्पष्ट लिहिलं की हे युद्धाचंच कृत्य होतं आणि एका मित्रराष्ट्राच्या दुबळ्या सरकारवर अन्याय झाला. होनोलुलूतल्या सत्ताधाऱ्यांनी राणीला परत बसवायला नकार दिला, काँग्रेसने हात झटकले, आणि ४ जुलै १८९४ रोजी सॅनफर्ड डोलच्या अध्यक्षतेखाली 'हवाईचं प्रजासत्ताक' उभं राहिलं. ज्यात बहुसंख्य प्रजेला मत नव्हतं त्याला प्रजासत्ताक म्हणायचं, हे मला आजही पचत नाही.

जानेवारी १८९५ मध्ये राणीच्या समर्थकांनी उठाव केला, तो फसला आणि राणीला अटक झाली. तिच्यावरचा लष्करी खटला कुठे चालला, तर इओलानी राजवाड्यात, तिच्याच सिंहासनाच्या दालनात. शिक्षा झाली पाच वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार डॉलर दंड. प्रत्यक्षात तिला राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत जवळपास आठ महिने कोंडून ठेवलं. वर्तमानपत्रं बंद. बाहेरून तिच्या बागेतली फुलं येत, ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली असत, आणि फुलं बाजूला ठेवून ती कागद वाचत असे. त्या खोलीत तिने रेशमाच्या आणि मखमलीच्या तुकड्यांची गोधडी शिवायला घेतली. मधोमध हवाईचे ध्वज, भोवती टाक्यांनी कोरलेली नावं, आणि आपण इथे कैदेत आहोत याची तारीखवार नोंद. सुई-दोऱ्याने लिहिलेला तो दस्तऐवज आहे. तो राजवाड्यात आज बघायला मिळतो. त्याच कैदेत तिने कुमुलिपोचं इंग्रजी भाषांतर सुरू केलं आणि १८९७ मध्ये छापलं. राज्य काढून घेतलेली बाई कैदेत बसून विश्वाच्या उत्पत्तीच्या स्तोत्राचं भाषांतर करते, हे तुम्हा मंडळींना मी वेगळं उलगडून सांगायची गरज नाही.

त्याच वर्षी सामिलीकरणाचा तह अमेरिकी सिनेटपुढे आला. हवाईयन लोकांनी 'हुई अलोहा आइना' ही संघटना आधीच बांधली होती, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. तिचे कार्यकर्ते बेटाबेटांवर फिरले. सामिलीकरणाला विरोध करणारा हवाईयन आणि इंग्रजी मजकूर, खाली शाईने केलेल्या सह्या, प्रत्येक नावापुढे वय. चाळीस हजारांच्या आत-बाहेर उरलेल्या समाजातून २१,२६९ सह्या जमल्या. चार प्रतिनिधी तो गठ्ठा घेऊन डिसेंबरात वॉशिंग्टनला पोचले. रंगो बापूजी साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला लंडनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, ते ज्यांनी वाचलं आहे त्यांना या चौघांचा हिवाळा डोळ्यांसमोर उभा करता येईल. फरक हा की या चौघांना यश आलं. सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं जमेनात आणि तह बारगळला.

मग स्पेनशी युद्ध सुरू झालं. फिलिपिन्सच्या वाटेवर तळ हवा होता. तहाला दोन तृतीयांश मतं लागतात, साध्या ठरावाला साधं बहुमत पुरतं, म्हणून जुलै १८९८ मध्ये साधा संयुक्त ठराव करून एक देश पोटात घातला गेला. १२ ऑगस्टला इओलानी राजवाड्यावरून हवाईचा ध्वज उतरवला. राजा आणि शासन यांच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी त्या दिवशी अमेरिकेकडे गेल्या. मोबदला नाही, संमती नाही. माऊना केआचा माथा त्या १८ लाख एकरांत आहे.

त्या सह्यांचा गठ्ठा वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात पडून राहिला. हवाईतल्या शाळांत सामिलीकरण आनंदाने झालं असंच शिकवलं जाई, आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी केल्यावर जुनी वर्तमानपत्रं वाचू शकणारी पिढीही संपत आली. १९९६ मध्ये एका हवाईयन संशोधिकेच्या प्रयत्नाने त्या सह्या पुन्हा उजेडात आल्या. लोकांना आपल्या पणज्यांची, खापरपणजोबांची नावं त्यांत सापडली. तोवर घराघरांत समज होता की आपल्या माणसांनी मुकाट्याने मान तुकवली. त्याआधी, २३ नोव्हेंबर १९९३ रोजी, अमेरिकेच्या काँग्रेसने मंजूर केलेल्या माफीनाम्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली होती. राजसत्ता उलथवण्यात अमेरिकी प्रतिनिधींचा हात होता, जमिनी संमतीशिवाय आणि मोबदल्याशिवाय गेल्या, आणि हवाईयन लोकांनी आपला सार्वभौमत्वाचा दावा कधीही थेट सोडलेला नाही, हे त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे जे मी वर सांगितलं ते कुणा आंदोलकाचं मत नाही. ते अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकात आहे. जमीन मात्र परत मिळाली नाही.

आता पर्वतावर येऊ. १९६८ मध्ये राज्य सरकारने माथ्याची हजारो एकर जमीन हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, वर्षाला एक डॉलर भाड्याने. एकामागून एक दुर्बिणी आल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये टीएमटीचा भूमिपूजनाचा समारंभ आंदोलकांनी थांबवला. २०१५ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाची परवानगी रद्द केली, कारण हरकती ऐकण्याआधीच ती दिली गेली होती. नवी परवानगी निघाली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ती ग्राह्य धरली. प्रकल्पाची कायदेशीर बाजू आहे, ती मी नाकारत नाही. सगळे हवाईयन दुर्बिणीच्या विरोधात आहेत असंही नाही, काही जण उघडपणे बाजूने बोलले आहेत. पण ज्या सत्तेने परवानगी दिली तिच्याकडे ती जमीन कशी आली, हा प्रश्न परवानगीने मिटत नाही.

१७ जुलै २०१९. माथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खुर्च्या टाकून, थंडीसाठी शाली-पांघरुणं घेऊन बसलेल्या तीसहून अधिक ज्येष्ठांना पोलिसांनी अटक केली. काही जण आधाराच्या काठ्यांनी चालत गेले, काहींना चाकाच्या खुर्चीतून नेलं. म्हाताऱ्या माणसांना रस्त्याच्या कडेला कुणी हात लावायचा नाही, हे ज्या राज्याच्या घटनेत लिहिलं आहे, त्या राज्यात. त्यांनी दगड मारला नाही. पर्वतावर असेपर्यंत कुणाशी कडू बोलायचं नाही, अशी शिस्त त्यांनी स्वतःच घालून घेतली होती. त्यानंतर बांधकाम पुढे सरकलेलं नाही. २०२२ मध्ये राज्याने पर्वताच्या कारभारासाठी नवं प्राधिकरण नेमलं आणि त्यात मूळ हवाईयन लोकांना जागा दिल्या. हे पाऊल योग्य आहे, पण ते उशिरा पडलं.

ताऱ्यांशी या लोकांचं वैर आहे असं कुणी म्हणू नये. त्यांचे पूर्वज हजारो किलोमीटर समुद्र ताऱ्यांच्या आधाराने ओलांडून आले. १९७६ मध्ये 'होकुलेआ' ही दुहेरी होडी होकायंत्राशिवाय हवाईहून ताहितीला पोचली, आणि त्या विद्येचं पुनरुज्जीवन तेव्हापासून चालू आहे. तुमचं आणि त्यांचं बोलणं जमायला हवं असे हे लोक आहेत.

मग मागणं काय, ते सांगते. प्रकल्पाच्या नियामक मंडळावर भारताचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी जाहीरपणे नोंदवावं की हवाईयन लोकांच्या संमतीशिवाय माऊना केआवर बांधकाम झालं तर भारत त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. कॅनरी बेटांवरचं ला पाल्मा पर्यायी जागा म्हणून पुढे आलेलंच आहे, मध्यंतरी आपल्या लडाखमधल्या हानलेचंही नाव निघालं होतं. तिथला आकाशाचा दर्जा थोडा कमी पडेल, निरीक्षणांना वेळ जास्त लागेल. ती किंमत मोजण्यासारखी आहे असं माझं मत आहे, आणि तुमच्यापैकी काहींचं वेगळं असेल तर त्यांनी तेही उघड मांडावं. दुसरं, पुढच्या वेळी आयुकात टीएमटीवर मराठीत व्याख्यान ठेवाल तेव्हा जागेची माहिती देणाऱ्या चित्रफितीत उंची आणि आर्द्रतेच्या शेजारी १८४८, १८९३ आणि १८९८ ही तीन सालं घाला, आणि त्यांवर बोलायला पाच मिनिटं ठेवा. व्याख्यानाला शाळेतली मुलं येतात, ती प्रश्न विचारतील, विचारू द्या. आणि जमलं तर एखाद्या शनिवारी हवाईतल्या कुणा इतिहासकाराला किंवा ताऱ्यांवरून नाव हाकणाऱ्या खलाशाला ऑनलाइन का होईना, पण बोलायला बोलवा. सभागृह भरेल याची खात्री देते, आणि मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

उत्तराची वाट पाहते आहे. ते पत्राने आलं नाही आणि एखाद्या व्याख्यानात मिळालं, तरी चालेल.

आपली,
पुण्यातली एक आकाशप्रेमी वाचक